'तात्पुरता बंद' म्हणजे नक्की किती वेळ? चांदणी चौकाची गोष्ट

(हे आमच्या पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललं तसंच ठेवलं आहे.)

बसमध्ये असाल, कॅबमध्ये असाल, नाहीतर जेवण झाल्यावर भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. टू-व्हीलरवर असाल तर मात्र इअरफोन काढा, घरी जाऊन ऐका. हा भाग कुठे पळून जात नाही.

आजचा विषय बोर्डावर वाचून वाचून आपल्याला पाठ झालाय. 'काम चालू, रस्ता तात्पुरता बंद. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' ह्यातला 'तात्पुरता' हा शब्द मला फार इंटरेस्टिंग वाटतो. कारण तो नऊ तासांसाठीही वापरतात आणि पाच वर्षांसाठीही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सिव्हिलवाला नाही, हे आधीच सांगतो. पण आमच्याही धंद्यात 'बंद ठेवणं' हा एक स्वतंत्र विषय आहे. सर्व्हर कधी बंद करायचा, किती वेळ, कोणाला आधी सांगायचं, आणि काम फसलं तर काय करायचं, ह्यावर आम्ही तासन्‌तास मीटिंगा घेतो. आणि मी राहतो कोथरूडला, ऑफिस हिंजवडीला. म्हणजे चांदणी चौक माझ्या आयुष्यात रोज दोनदा येतो. त्यामुळे हा चौक तोडून नवीन बांधला जात असताना मी तो फार जवळून बघितलाय, बऱ्याचदा इंजिन बंद करून, एकाच जागी उभं राहून.

आधी जागा समजून घेऊ

जे पुण्याचे नाहीत त्यांच्यासाठी. मुंबई-बंगळूर महामार्ग पुण्याच्या पश्चिम कडेने जातो. चांदणी चौकात त्याला कोथरूडकडून येणारा पौड रस्ता भेटतो, जो पुढे मुळशीकडे जातो. एका अंगाला बावधन आणि पाषाण, दुसऱ्या अंगाला वारजे, आणि एनडीएकडे जाणारा रस्ता. आता ह्यात साताऱ्याहून मुंबईला निघालेला ट्रक आहे, कोथरूडहून हिंजवडीला निघालेला माझ्यासारखा माणूस आहे, मुळशीहून भाजी घेऊन आलेला टेम्पो आहे आणि शाळेची बस आहे. सगळ्यांच्या दिशा वेगळ्या, जागा एकच.

आणि ह्या सगळ्याच्या मधोमध महामार्गाच्या डोक्यावरून जाणारा एक जुना, अरुंद पूल होता. खरी गोम तिथे होती. महामार्ग दोन्ही बाजूंनी कितीही रुंद केला तरी पुलाखाली जेवढी जागा आहे तेवढ्यातूनच गाड्या जाणार. बाटली कितीही मोठी घ्या, पाणी तोंडाच्या मापानेच बाहेर येतं. म्हणजे नवीन काम पूर्ण करायचं तर जुना पूल पाडणं भागच होतं.

भूमिपूजन झालं २७ ऑगस्ट २०१७ ला, नितीन गडकरींच्या हस्ते. त्यानंतर भूसंपादन रखडलं, काम रेंगाळलं. पुणेकरांनी सवयीप्रमाणे जोक केले आणि सवयीप्रमाणे रोज त्याच कोंडीत जाऊन उभे राहिले. मग ऑगस्ट २०२२ मध्ये साताऱ्याकडे जाताना तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतःच तिथे अडकले. लोकांनी त्यांच्यासमोर गाऱ्हाणं मांडलं. त्यानंतर यंत्रणा जोरात हलली. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत पूल पाडायची तारीखसुद्धा ठरली.

१ ऑक्टोबर २०२२ ची रात्र

शनिवारची रात्र निवडली. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि २ ऑक्टोबर, म्हणजे गांधी जयंती. ऑफिस बंद, शाळा बंद. रात्री अकरा वाजता महामार्ग बंद करायचा, मध्यरात्रीनंतर स्फोट करायचा आणि सकाळी आठपर्यंत राडारोडा हलवून रस्ता मोकळा करायचा, असा प्लॅन होता. जड वाहनं शहराच्या बाहेर टोलनाक्यांपाशीच थांबवली. हलक्या गाड्या शहरातल्या रस्त्यांवरून वळवल्या.

पूल पाडायचं काम ज्या कंपनीकडे होतं, त्या एडिफिस इंजिनिअरिंगने महिन्याभरापूर्वी, २८ ऑगस्टला, नोएडाचे ट्विन टॉवर पाडले होते. तो व्हिडिओ तुम्ही शंभर टक्के बघितला असणार. त्यामुळे इथेही लोकांची अपेक्षा तशीच होती: धडाम, धूर, आणि पूल गायब.

पुलात छिद्रं पाडून सुमारे ६०० किलो स्फोटकं भरली होती. रात्री एकच्या सुमारास बटण दाबलं. धूर उडाला. आणि धूर खाली बसल्यावर लोकांना दिसलं की पूल बराचसा अजून तिथेच आहे! काँक्रीट फुटलं होतं, पण आतल्या लोखंडी सळयांनी सांगाडा धरून ठेवला होता. पुलात अपेक्षेपेक्षा जास्त लोखंड निघालं, असं नंतर सांगण्यात आलं. मीम्सचा तर पाऊस पडला. जुन्या काळचं काम बघा, स्फोटालाही दाद देत नाही, वगैरे.

मला त्या रात्रीतला मीम्सच्या पुढचा भाग आवडतो. कारण पुढच्याच मिनिटाला मशिनं आत शिरली. पोकलेन, ब्रेकर, डंपर, सगळं आधीपासून रांगेत उभं होतं. सांगाडा तोडला, राडारोडा उचलला आणि दिवस डोक्यावर यायच्या आत महामार्गावर गाड्या धावायला लागल्या. आठची वेळ चुकली, थोडा उशीर झाला. पण सोमवारी सकाळी कामावर निघालेल्या माणसाला काहीच फरक पडला नाही.

आमच्या भाषेत ह्याला 'मेंटेनन्स विंडो' म्हणतात. सगळ्यात कमी लोक वापरत असतील ती वेळ निवडायची, सुरुवात आणि शेवट आधी जाहीर करायचा, आणि मुख्य उपाय फसला तर दुसरा उपाय दारात उभा ठेवायचा. स्फोट पूर्ण यशस्वी झाला नाही, तरी 'बंद' यशस्वी झाला. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण बातम्या बघताना त्यांची गल्लत करतो.

पण रस्ता पूर्ण का बंद करायचा? अर्धा चालू ठेवा ना!

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर प्रत्येक बंदच्या आधी येतो. 'एक लेन तरी चालू ठेवा राव.' ऐकायला अगदी माणुसकीचं वाटतं. चला, थोडं गणित करू. आकडे मी समजायला सोपे म्हणून घेतोय, चांदणी चौकाचे नाहीत.

समजा तीन लेनचा रस्ता आहे. मोठ्या रस्त्याच्या एका लेनमधून, सगळं सुरळीत असेल तर, तासाला साधारण २००० गाड्या जाऊ शकतात. तीन लेन म्हणजे ६०००. सकाळच्या गर्दीत तासाला ५००० गाड्या येतायत. मस्त, रस्ता चालतोय.

आता एक लेन कामासाठी बंद केली. उरली क्षमता ४०००. म्हणजे दर तासाला १००० गाड्या रस्त्यावर साठणार. आठ ते दहा, दोन तासांत २००० गाड्या. एका गाडीला पुढची-मागची जागा धरून सात मीटर लावा. १४ किलोमीटर लांबीच्या गाड्या झाल्या. तीन लेनमध्ये वाटल्या तरी साडेचार किलोमीटरच्या वर रांग.

आणि खरी गंमत पुढे आहे. दहा वाजले, गर्दी ओसरली, आता तासाला ३५०० गाड्याच येतायत. तुम्हाला वाटेल, सुटलो. पण क्षमता ४००० आहे, म्हणजे साठलेल्यातल्या तासाला फक्त ५०० गाड्या कमी होतायत. २००० गाड्यांची रांग संपायला चार तास. म्हणजे दोन तासांची गर्दी दुपारी दोन वाजेपर्यंत पुरते. साडेबाराला तिथे पोहोचलेला माणूस शिव्या घालतो, 'आत्ता कसली गर्दी?' भाऊ, ती सकाळची आहे. तू फक्त तिच्या शेपटीला येऊन लागलास.

ही सगळी कथा फक्त एक लेन बंद केल्याची. आणि हे एक दिवस नाही, महिनोन्‌महिने चालतं.

ह्याच्या उलट, रात्री समजा तासाला सरासरी ५०० गाड्या येतायत. नऊ तास पूर्ण बंद ठेवलं तर ४५०० गाड्या वळवाव्या लागतील, तेही एकदाच. दिवसा अर्धवट बंद ठेवलं तर तेवढ्या गाड्या पहिल्या तासाभरातच अडकतात, आणि उद्या पुन्हा.

शिवाय अर्ध्या चालू रस्त्यावर काम करणं फार हळू होतं. रोज रात्री बॅरिकेड लावा, लाइट लावा, मशिनं आणा. पहाटे सगळं उचला. हातात पाच तास असले तर प्रत्यक्ष कामाला तीन मिळतात. आणि बाजूने ऐंशीच्या स्पीडने गाड्या जात असताना काम करणाऱ्या कामगाराचा विचार करा. त्याच्या आणि ट्रकच्या मध्ये प्लास्टिकचा एक कोन असतो, बस.

काही कामं तर अशी आहेत की त्यात 'अर्धा चालू' हा पर्यायच नाही. पुलाचा गर्डर, म्हणजे खांबापासून खांबापर्यंत टाकायची ती भली मोठी तुळई, क्रेनने उचलून हवेत फिरवत जागेवर बसवतात. ती लटकत असताना खालून कोणालाही सोडता येत नाही. म्हणून जुलै २०२३ मध्ये चांदणी चौकात गर्डर टाकायच्या रात्री महामार्ग मध्यरात्रीनंतर काही तास बंद ठेवत होते. आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नवीन चौकाचं उद्घाटन झालं. भूमिपूजनापासून सहा वर्षांना पंधरा दिवस कमी.

लॉस एंजेलिसचा 'प्रलय' जो आलाच नाही

आपल्याकडेच असं होतं असं वाटत असेल तर अमेरिकेतलं एक उदाहरण सांगतो. लॉस एंजेलिसमध्ये ४०५ नावाचा फ्रीवे आहे, तिथल्या सगळ्यात गजबजलेल्या रस्त्यांपैकी एक. तो रुंद करायचा होता आणि वरून जाणारा मुलहॉलंड ड्राइव्हचा पूल आडवा येत होता. ओळखीचं वाटतंय ना? हुबेहूब चांदणी चौक.

त्यांनी ठरवलं, जुलै २०११ मध्ये एका वीकेंडला ५३ तास फ्रीवे बंद ठेवायचा, साधारण १६ किलोमीटरचा पट्टा. गाड्यांवर जीव असलेलं शहर ते. लोकांनी त्याला नावच ठेवलं 'कारमॅगेडन', म्हणजे गाड्यांचा महाप्रलय. कित्येक आठवडे आधीपासून जाहिराती, बातम्या, रस्त्यावरचे डिजिटल बोर्ड. तिथल्या पोलिसांनी तर लाखो फॉलोअर असलेल्या सेलिब्रिटींना सांगितलं, जरा ट्वीट करा, लोकांना घरी बसायला सांगा. एका एअरलाइनने शहरातल्या शहरात, बरबँक ते लाँग बीच, चार डॉलरमध्ये विमान सोडलं. सायकलवाल्यांच्या एका ग्रुपने त्या विमानाशी शर्यत लावली आणि जिंकली! विमानतळावर जाणं, चेक-इन, उतरणं हे सगळं धरल्यावर सायकल आधी पोहोचली.

आणि प्रलय? आलाच नाही. रस्ते ओस पडले. लोकांनी बाहेर जाणं पुढे ढकललं, जवळच्या दुकानात गेले, घरी राहिले. कामही वेळेच्या बरंच आधी उरकलं, सोमवार पहाटेऐवजी रविवारी दुपारीच फ्रीवे उघडला. पुलाचा उरलेला अर्धा भाग सप्टेंबर २०१२ मध्ये तसाच एक वीकेंड घेऊन पाडला.

ह्यातून मी एक गोष्ट घेतो. नीट आणि आधी सांगितलं तर लोक स्वतःहून जागा करून देतात. गाड्या म्हणजे काही नळाचं पाणी नाही की इथे अडवलं तर तिथून फुटणारच. प्रत्येक गाडीत एक माणूस बसलाय आणि तो विचार करू शकतो. फक्त त्याला विचार करायला वेळ आणि माहिती द्या.

त्याच शहरातली अजून एक गोष्ट. १९९४ च्या भूकंपात तिथल्या सांता मोनिका फ्रीवेचे पूल कोसळले. पुन्हा बांधायच्या करारात अट होती: काम ठरल्या वेळेच्या आधी झालं तर प्रत्येक दिवसाला दोन लाख डॉलर बोनस, उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला तेवढाच दंड. मुदत होती १४० दिवसांची. कंत्राटदाराने ६६ दिवसांत रस्ता उघडला. तुम्ही म्हणाल, एवढा बोनस म्हणजे उधळपट्टी. पण रस्ता बंद असल्याचा प्रत्येक दिवस शहराला महागात पडतच असतो. एरवी ते बिल तुमच्या-माझ्या खिशातून आणि झोपेतून जातं, म्हणून कुठल्या कागदावर दिसत नाही. त्यांनी ते कागदावर आणलं, एवढंच.

आणि आता दुसरी बाजू: मुंबई

पण थांबा, 'पूर्ण बंद म्हणजे भारी' असा सरसकट निष्कर्ष काढू नका. अंधेरीचा गोखले पूल आठवा. पूर्व आणि पश्चिम अंधेरीला जोडणारा. धोकादायक ठरला म्हणून ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद केला. बंद करणं बरोबरच होतं, २०१८ मध्ये त्याचा एक भाग रेल्वे रुळांवर कोसळून माणसं मेली होती. पण नवीन पुलाची पहिली बाजू उघडायला २६ फेब्रुवारी २०२४ उजाडला. आणि उघडल्यावर लक्षात आलं की शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळत नाही! मग बर्फीवाला पूल जॅक लावून वर उचलावा लागला. पूर्ण गोखले पूल सुरू झाला मे २०२५ मध्ये. अडीच वर्षं. लोअर परळच्या डिलाईल रोडच्या पुलाने तर २०१८ ते २०२३, पाच वर्षं घेतली.

चांदणी चौकाचा पूल पडायच्या आधी पुढचं सगळं तयार होतं. मशिनं, माणसं, वळवलेले रस्ते, शेवटची वेळ. गोखलेला धोका अचानक समोर आला आणि बंद आधी झाला, बाकीचं नंतर. रेल्वे वेगळी, महापालिका वेगळी, डिझाइन वेगळं, आणि मधल्या काळात अंधेरीची माणसं सबवेच्या रांगेत. दोन्हीकडे बोर्डावरचा शब्द एकच होता. म्हणून म्हणतो, रस्ता बंद केला ह्यावर चिडण्यात फार अर्थ नाही. कधी उघडणार ह्याची तारीख नाही आणि त्या तारखेला बांधील असलेला माणूस नाही, चिडायचं तर ह्यावर चिडा.

ज्यांच्यासाठी बोर्डच नसतो

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आत्तापर्यंत मी फक्त गाड्या मोजल्या. माणसं मोजली का?

आमच्या सोसायटीत स्वयंपाकाला एक मावशी येतात. महामार्गाच्या पलीकडे राहतात. काम चालू होतं तेव्हा त्या रोज वेगळ्या वेळेला यायच्या. कारण पलीकडून अलीकडे यायची वाट रोज बदलायची. आज इथे पत्रे लावले, उद्या तिथे खड्डा खणला. गाड्यांसाठी बाण होते, रिफ्लेक्टर होते, वॉर्डन होते. चालणाऱ्यासाठी काहीच नाही. एकदा मी सहज म्हणालो, "मावशी, आता नवीन चौक झाला की तुमचा त्रास संपेल." तर म्हणाल्या, "दादा, तो गाड्यांचा चौक आहे. आम्ही आधी जवळून पळत रस्ता ओलांडायचो, आता लांबून पळत ओलांडू."

आणि तसंच झालं. नवीन चौक झाला, रॅम्प झाले, आणि पायी जाणारी माणसं महामार्ग ओलांडताना दिसतच राहिली. पादचारी पुलाची मागणी उद्घाटनानंतर जोरात सुरू झाली. गाडीवाल्यांचाही गोंधळ झाला. इतके रॅम्प की कोथरूडला जायचं तर कुठे वळायचं हेच कळेना. बोर्ड अपुरे, त्यामुळे लोक चुकीच्या रॅम्पवर चढायचे आणि थेट मुंबईच्या दिशेला लागायचे. मग बोर्ड सुधारा म्हणून आरडाओरडा झाला. सहा वर्षांत काँक्रीटचा विचार झाला, वाट शोधणाऱ्या माणसाचा शेवटी झाला.

आमच्याकडे ॲपचं नवीन व्हर्जन काढताना एक नियम असतो. जुन्या व्हर्जनमध्ये जी गोष्ट लोक करू शकत होते, ती नवीनमध्ये करता येतेय ना, हे आधी तपासायचं. मग ती दहा टक्के लोक वापरत असोत की एक टक्का. रस्त्याला हा नियम लावला तर पहिला प्रश्न हाच येईल: जुन्या चौकातून चालत जाणारा माणूस नव्या चौकातून कसा जाणार?

रुग्णवाहिकेचंही तेच. वाहतूक बदलाच्या आदेशात एक ठरलेलं वाक्य असतं, 'अत्यावश्यक सेवेतील वाहने वगळून.' वाचून बरं वाटतं. पण डोक्यावर गर्डर लटकतोय तेव्हा रुग्णवाहिका वगळून कशी वगळणार? तिलाही पर्यायी रस्त्यानेच जायचंय. म्हणजे तो रस्ता मोकळा ठेवणं हीच तिची खरी सूट. तिथे दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या असतील तर आदेशातल्या त्या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

आणि टोलनाक्यावर थांबवलेला ट्रकवाला. त्याला रात्रभर थांब म्हटलं. पाणी कुठे, संडास कुठे, किती वाजता सोडणार, हे त्याला कोण सांगणार? पर्यायी मार्गाचा नकाशा त्याच्या मोबाइलवर मराठीत आला तरी तो कदाचित राजस्थानचा असेल, तमिळनाडूचा असेल. डिलिव्हरीवाल्या पोरांचं तर विचारूच नका. ॲप मिनिटं मोजतं, वळसा मोजत नाही.

मग आपण काय करायचं?

'सिस्टिमच खराब आहे' म्हणून भाग संपवणं सोपं आहे, पण ते मला आवडत नाही. म्हणून पाच प्रश्न देतो. तुमच्या भागात कुठलाही रस्ता बंद होणार असेल तर नोटिशीत ह्यांची उत्तरं शोधा. नसतील तर नगरसेवकाला विचारा, वाहतूक पोलिसांच्या हँडलवर विचारा, सोसायटीच्या लेटरहेडवर विचारा. पण विचारा.

एक, कधीपासून कधीपर्यंत? तारीख आणि तास, दोन्ही. 'काम पूर्ण होईपर्यंत' हे उत्तर नाही.

दोन, नक्की कोणता भाग आणि कोणती दिशा? 'चौक बंद' म्हणजे सगळा बंद की एकच रॅम्प? अर्धा गोंधळ इथेच होतो.

तीन, पर्यायी रस्त्याला एवढा भार झेपेल का? त्या रस्त्यावर त्याच आठवड्यात ड्रेनेजसाठी खोदकाम तर चालू नाही ना? हसू नका, असं होतं.

चार, उशीर झाला तर कोण सांगणार आणि कुठे? सर्व्हर वेळेत सुरू झाला नाही तर आम्ही दर अर्ध्या तासाला अपडेट टाकतो, मग त्यात सांगायला नवीन काही असो-नसो. 'अजून चालू आहे, पुढचं अपडेट साडेनऊला.' एवढ्या एका ओळीने माणसाचं टेन्शन निम्मं होतं.

पाच, चालणारा माणूस, बस आणि रुग्णवाहिका कुठून जाणार? नोटिशीत सगळ्यात कमी जागा ह्याला मिळते. म्हणून हा सगळ्यात आधी विचारायचा.

आणि एक गोष्ट कायद्यातली, लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५. त्याखाली गाड्यांवर बंदी किंवा निर्बंध घालता येतात. बंदी एक महिन्यापर्यंतचीच असेल तर सरकारी राजपत्रात छापायची गरज नाही, पण स्थानिक पातळीवर शक्य तेवढी प्रसिद्धी द्यायची, असं कायदाच सांगतो. म्हणजे आधी सांगणं हे उपकार नाहीत. 'आम्हाला कळलंच नाही' ही आपली तक्रार नुसती कुरकुर नसते, तिला कायद्यात आधार आहे.

आपल्या बाजूनेही थोडं. नोटीस आली की फक्त फॉरवर्ड करू नका, तारीख बघा. मागच्या वर्षीच्या नोटिसा दरवर्षी फिरतात. बंदच्या रात्री नॅव्हिगेशन ॲपवर डोळे झाकून जाऊ नका, बंद रस्ता ॲपला कळायला वेळ लागतो. आणि शक्य असेल तर त्या दिवशी घरी बसा. लॉस एंजेलिसचा प्रलय टळला तो घरी बसलेल्या माणसांमुळे. आपल्यासारख्या वर्क फ्रॉम होमवाल्यांनी एक दिवस रस्ता सोडला तर तो ज्यांना घरी बसणं परवडत नाही त्यांना मिळतो.

शेवटचं. चांदणी चौक झाल्यावर सगळं छान झालं का? माझं उत्तर: चौकातून आता मी पटकन निघतो, हे खरं. आणि पुढे जाऊन वाकडच्या भूमकर चौकात उभा राहतो, हेही खरं. कोंडी पुढच्या अरुंद जागेत जाऊन बसते. लॉस एंजेलिसने एक अब्ज डॉलरच्या वर खर्चून ४०५ रुंद केला, तिथेही गर्दी संपली नाही. म्हणून रस्ता उघडला की आपलं काम संपलं असं नाही. पुढचा बंद कुठेतरी ठरतोच आहे. तो ठरताना मावशींची वाट नकाशावर असावी, एवढं आत्तापासून बोलत राहू.

तर मंडळी, तुमच्या गावात, तुमच्या शहरात कुठला रस्ता 'तात्पुरता' बंद आहे आणि किती दिवसांपासून? व्हॉइस नोट पाठवा, बोर्डावरची तारीख दिसत असेल तर ती वाचून दाखवा. तारीखच नसेल तर तेही सांगा. आलेल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवू.

भेटू पुढच्या आठवड्यात. सांभाळून जा, आणि हेल्मेट घाला. बाय!